झाडाच्या सालीतील अन्नवाट

वनस्पतींतील वहनाचा पाठ शाळेत शिकविला जातो तेव्हा मुलांच्या ध्यानात राहते ते पाण्याचे वर चढणे. तेरड्याचे रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवले की काही वेळाने त्याच्या नितळ खोडातून तांबड्या रेघा वर जाताना दिसू लागतात. मुले हा प्रयोग घरीही करून पाहतात आणि मोठेपणीही विसरत नाहीत. पाठाचा दुसरा भाग मात्र बहुधा एका आकृतीवर आणि दोन ओळींच्या व्याख्येवर निभावून नेला जातो. पानांत तयार झालेले अन्न झाडाच्या इतर भागांकडे कसे पोहोचते, हा तो भाग होय. त्याची उपेक्षा होण्याचे कारण उघड आहे. हे वहन शाई घालून दाखविता येत नाही, आणि ज्या नळ्यांतून ते चालते त्या कापताक्षणीच स्वतःला मिटवून घेतात. तथापि आपल्या अंगणात, बांधावर आणि रस्त्याच्या कडेला माणसाच्या हातून नकळत मरणारी कित्येक झाडे या दुसऱ्या भागाच्या अज्ञानापायी मरतात. म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करावयाचा आहे.

प्रथम झाडाच्या खोडाची रचना पाहू. आंबा, चिंच, कडुनिंब, पिंपळ अशा कोणत्याही झाडाच्या खोडाचा मोठा भाग लाकडाचा असतो. जमिनीतील पाणी व क्षार वर नेणाऱ्या जलवाहिन्या या लाकडात असतात, आणि त्यांतील पाणी वाहणाऱ्या पेशी मृत, पोकळ असतात. लाकडाच्या बाहेर पेशींचा एक अत्यंत पातळ, जिवंत थर असतो. तो आतल्या बाजूस नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूस नव्या रसवाहिन्या तयार करीत राहतो. झाड जाड होते ते या थरामुळे. त्याच्याही बाहेर, आपण ज्याला सरसकट साल म्हणतो तिच्या आतल्या ओलसर पदरात, रसवाहिन्या असतात. सालीचा बाहेरचा खडबडीत भाग मृत असतो. आतला पदर जिवंत असतो आणि पुष्कळ झाडांत तो काही मिलिमीटरच जाड असतो. माणसाच्या कवेत न मावणाऱ्या वृक्षाचीही सारी शिदोरी एवढ्याशा पदरातून जाते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सहसा खरी वाटत नाही.

रसवाहिनीची घडण विलक्षण आहे. लांबट पेशी एकावर एक रचल्या जाऊन तिची नळी बनते आणि दोन पेशींमधल्या आडव्या भिंतीला चाळणीसारखी भोके असतात. म्हणून या नळ्यांना चाळणी नलिका असेही म्हणतात. थिओडोर हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८३७ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. या पेशी जिवंत असतात, परंतु रसाला वाट मोकळी राहावी म्हणून त्यांनी आपले केंद्रक आणि आतील बरेचसे सामान टाकून दिलेले असते. केंद्रकावाचून पेशी जगावी कशी? तिच्या शेजारी चिकटून असलेली एक लहान पेशी दोघींचा संसार चालविते. तिला सहपेशी म्हणतात. नळीला लागणारी प्रथिने आणि ऊर्जा ही सहपेशीच पुरविते, आणि पानांत साखर नळीत भरण्याच्या कामातही तिचा हात असतो.

आता रस वाहतो कसा, हे पाहू. झाडाला हृदय नाही, म्हणून पंपाची कल्पना येथे उपयोगाची नाही. साखर नुसती विरत विरत पुढे सरकत असेल म्हणावे, तर तेवढ्याने एक मीटर अंतर कापण्यास अनेक वर्षे लागतील. प्रत्यक्षात रसवाहिनीतील रस साधारणपणे तासाला ३० सेंटिमीटर ते दीड मीटर या वेगाने जातो. भिंतीवरील घड्याळाचा मिनिटकाटा १६ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचे टोक एका तासात सुमारे एक मीटर फिरते. नजरेला स्थिर भासणारी आणि तरीही सतत चाललेली अशीच ती गती आहे.

या गतीचे जे स्पष्टीकरण आज सर्वसाधारणपणे मान्य आहे, ते एर्न्स्ट म्यूंख या जर्मन वनशास्त्रज्ञाने मांडले. त्यावरील त्याचा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य कल्पना स्वयंपाकघरात समजू शकते. वाळलेल्या मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण आतील साखरेमुळे पाणी सालीतून आत ओढले जाते. पानातही असेच घडते. सूर्यप्रकाशात तयार झालेली साखर ऊर्जा खर्च करून रसवाहिनीत भरली जाते. रस दाट होतो, आणि शेजारच्या जलवाहिनीतील पाणी परासरणाने त्या नळीत शिरते. नळीच्या भिंती फारशा ताणल्या जात नाहीत, त्यामुळे आत दाब वाढतो. तो मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या कित्येक पट असू शकतो. तिकडे मुळाशी, फळाशी किंवा वाढत्या कोंबाशी साखर नळीतून काढून घेतली जात असते. तेथील रस पातळ होतो, पाणी बाहेर पडते आणि दाब उतरतो. एका टोकाला दाब अधिक व दुसऱ्या टोकाला कमी, म्हणून साखरेसकट सारा रस त्या दिशेने ढकलला जातो. उतरलेले पाणी जलवाहिनीच्या वाटेने पुन्हा वर येऊ शकते. उंच वृक्षांत एवढ्या लांबच्या वाटेला हा दाब पुरेल काय, अशी शंका शास्त्रज्ञ दीर्घकाळ घेत आले. २०१६ साली एका प्रकारच्या मॉर्निंग ग्लोरीच्या लांबलचक वेलीवर प्रत्यक्ष दाब मोजून केलेल्या अभ्यासाने म्यूंखच्या मताला चांगले बळ दिले.

नळीत दाब असतो याचा एक सुंदर पुरावा मावा या किडीने दिलेला आहे. शेतकऱ्याला मावा ठाऊक असतो तो शत्रू म्हणून. करडईच्या शेंड्यावर त्याची काळी दाटी दिसली की पुढे काय होणार हे सांगावे लागत नाही. या किडीची सोंड सुईहून कितीतरी बारीक असते आणि ती नेमकी एका रसवाहिनीत जाऊन पोहोचते. केनेडी आणि मिटलर या दोन शास्त्रज्ञांनी १९५३ साली सोंड आत असतानाच मावा कापून दूर केला. उरलेल्या सोंडेच्या तुकड्यातून रस तासन्‌तास आपोआप ठिबकत राहिला. किडीने ओढावे लागत नव्हते, आतला दाबच तो बाहेर ढकलीत होता. अशा थेंबांतून मिळालेला रस तपासता साखरेचे प्रमाण मोठे आढळते. साधारणतः शंभर भागांत १० ते २५ भाग, आणि ती बहुतेक वनस्पतींत मुख्यतः आपल्या उसातलीच साखर, म्हणजे सुक्रोज. या रसात नत्रयुक्त द्रव्ये मात्र थोडी असतात. ती पुरेशी मिळविण्यासाठी किडीला रस फार प्यावा लागतो आणि नको असलेली साखर बाहेर टाकावी लागते. ज्वारीच्या पानांवर जो चिकटा पडतो आणि ज्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते, तो म्हणजे रसशोषक किडींनी बाहेर टाकलेली ही साखरच होय. पळस, बोर आणि कुसुंब यांवर पोसणारा लाखेचा किडाही याच वाटेवर डल्ला मारीत असतो. त्याच्यापासून मिळणाऱ्या लाखेवर मात्र माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या घडविल्या.

जलवाहिनीतील पाणी मुळांकडून पानांकडे जाते. रसवाहिनीतील अन्न खाली जाते, एवढेच अनेकांच्या मनात ठसलेले असते, आणि ते अपुरे आहे. जेथे अन्न आहे तेथून जेथे त्याची गरज आहे तेथे ते जाते. दिशा वरही असू शकते, खालीही. ज्वारीच्या ताटाची वरची पाने प्रामुख्याने कणसाला पोसतात, तर खालच्या पानांचे अन्न अधिक करून मुळांकडे जाते. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि उन्हात तयार झालेले अन्न अंधारातल्या शेंगेपर्यंत पोहोचवितात. कांद्याची हिरवी पात आपले अन्न खाली गड्ड्यात उतरवीत असते. गड्डा पोसला की माना पडू लागतात आणि शेतकरी काढणीला लागतो. सर्वांत बोलके उदाहरण पळसाचे. माघ-फाल्गुनात त्याच्या अंगावर पान जवळजवळ नसते आणि तरीही सारे झाड केशरी फुलांनी भरून जाते. पाने नसताना एवढ्या फुलोऱ्याला अन्न आले कोठून? ते मागच्या पावसाळ्यातले. पाने हिरवी असताना जे अन्न खोडात आणि मुळांत साठविले गेले होते, तेच आता उलट दिशेने फांद्यांच्या टोकांकडे निघते. पांगारा आणि काटेसावर यांचेही तसेच. शहरातल्या बागांत परदेशी फुलझाडे लावण्याच्या हौसेपुढे ही आपली झाडे मागे पडतात, याची खंत येथे नोंदवून पुढे जातो.

आता ज्या प्रयोगामुळे ही वाट सालीत आहे हे प्रथम उमगले, त्याकडे वळू. सतराव्या शतकात मार्सेलो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने झाडाच्या खोडावरील सालीचे एक कडे सर्व बाजूंनी काढून टाकले. पाने सुकली नाहीत. काही काळाने कड्याच्या वरच्या काठावरची साल मात्र फुगून जाड झाली आणि खालचा भाग तसाच राहिला. पाणी आतल्या लाकडातून वर जातच होते, म्हणून पाने टवटवीत होती. वरून येणारे अन्न मात्र वाट तुटल्यामुळे तेथेच अडून साचत होते. पुढे १९२८ च्या सुमारास त्रिनिदादमध्ये मेसन व मॅस्केल यांनी कपाशीच्या झाडांवर अशा कड्यांचे अनेक प्रयोग केले आणि साखर सालीतूनच जाते, लाकडातून नव्हे, याविषयी फारशी शंका उरू दिली नाही.

आपल्याकडील फळबागायतदार हीच गोष्ट रोजच्या कामात वापरतात. डाळिंबाची गुटी बांधताना पेन्सिलीएवढ्या फांदीवरील साधारण इंचभर साल गोलाकार काढतात, आतला बुळबुळीत थर खरवडतात, त्यावर ओले शेवाळ ठेवतात आणि प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळतात. खरवडणे आवश्यक असते, कारण तो थर राहिला तर नवी साल धरून वाट पुन्हा जुळते. पानांकडून येणारे अन्न आणि मुळे फुटण्यास चेतविणारे ऑक्सिन हे संप्रेरक कापाच्या वरच्या काठाशी साचते. पावसाळी हवेत महिना-दोन महिन्यांत तेथून पांढरी मुळे फुटतात. मुळे नेहमी वरच्याच काठाला का येतात, हे कोणत्याही रोपवाटिकेत उभे राहून विचारण्यासारखे आहे. द्राक्षबागेतही मणी धरल्यानंतर खोडावर काही मिलिमीटर रुंदीचे सालीचे कडे काढण्याची पद्धत आहे. बागायतदार त्याला गर्डलिंगच म्हणतात. काही आठवडे अन्न मुळांकडे न जाता घडांकडे वळते, मणी फुगतो, आणि तोवर जखम भरून वाट पुन्हा सुरू होते. सारे कौशल्य त्या अरुंद रुंदीत आहे. कडे रुंद झाले किंवा वेल अशक्त असताना काढले, तर मण्यांचा नफा मुळांच्या तोट्यातून वसूल होतो.

येथे मुद्द्याची गोष्ट येते. मुळांना उजेड नाही, त्यांना स्वतःचे अन्न करता येत नाही. मोठ्या झाडाच्या सालीचे हातभर रुंद कडे तोडले, तर त्या क्षणापासून मुळांची उपासमार सुरू होते. परंतु झाड लगेच वाळत नाही. मुळे साठ्यावर जगतात, पाणी वर पाठवीत राहतात, आणि पाने हिरवीच दिसतात. पुष्कळदा वर अडकलेल्या अन्नामुळे त्या वर्षी फुले-फळे नेहमीपेक्षा जास्त लागतात आणि पाहणाऱ्याला झाड उलट सुधारल्यासारखे वाटते. पुढे साठा संपतो, बारीक मुळ्या मरू लागतात, त्या मेल्या की पाण्याचे शोषण कमी होते, आणि एखाद्या उन्हाळ्यात झाड बघता बघता वाळते. मधे काही महिने, कधी एक-दोन वर्षेही गेलेली असतात. त्यामुळे सालीची जखम आणि झाडाचे मरण यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. लोक म्हणतात, यंदा पाणी कमी पडले. मग बादल्यांनी पाणी ओतले जाते, आणि ते पिण्यास मुळे उरलेली नसतात.

माणसे हे कडे मुद्दाम क्वचितच काढतात. बहुधा ते नकळत पडते. कुंपणाची तार खिळे वाचविण्यासाठी झाडाभोवती गुंडाळली जाते. समारंभातील दिव्यांच्या माळेची तार उतरविताना एक वेढा तसाच राहतो. झोपाळ्याचा दोर, कपडे वाळविण्याची दोरी, लोखंडी संरक्षक जाळीचे कडे, सारे तेच काम करते. तार स्वतः आवळत नाही. खोडच दरवर्षी जाड होत जाते आणि तारेवर येऊन दाबले जाते. तार सालीत रुतते, आतील नळ्या चेंगरतात, आणि तारेच्या वर खोड फुगून ओठासारखी कड येते. ती कड म्हणजे माल्पीगीने पाहिलेलीच सूज. कोवळ्या रोपांच्या बाबतीत तर हे फार लवकर घडते. पावसाळ्यात वृक्षारोपण होते, रोप वाकू नये म्हणून काठीला नायलॉनच्या सुतळीने घट्ट बांधले जाते, छायाचित्र निघते आणि सुतळी सोडण्यास कोणी परत येत नाही. नायलॉन कुजत नाही. दोन-तीन वर्षांनी चांगले वाढलेले रोप गाठीपाशी कमकुवत होते आणि एखाद्या वादळात तेथेच मोडते. औषधासाठी अर्जुनाची साल काढणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे. एका बाजूची अरुंद उभी पट्टी काढली तर उरलेल्या सालीतून वहन चालू राहते आणि जखम हळूहळू भरते. चहूबाजूंनी सोलले तर पुढच्या वेळी साल काढण्यास झाड राहत नाही.

‘अशोकावदान’ या संस्कृत ग्रंथातील एक कथा या संदर्भात आठवते. सम्राट अशोक आपली उत्तमोत्तम रत्ने बोधीकडे पाठवितो हे पाहून राणी तिष्यरक्षितेला बोधी ही आपली सवतच वाटली. तिने एका मांत्रिक स्त्रीला धन देऊन तिचा नाश करण्यास सांगितले. त्या स्त्रीने मंत्र म्हणून वृक्षाभोवती दोरा बांधला आणि बोधिवृक्ष वाळू लागला. अशोकाचा शोक पाहून राणीला आपली चूक उमगली. मग दोरा सोडण्यात आला, बुंध्याभोवती खणून दुधाचे घडे ओतण्यात आले आणि वृक्ष पुन्हा पालवला. ही कथा आहे, वनस्पतिशास्त्राची नोंद नव्हे. साध्या दोऱ्याने वृक्ष वाळत नाही आणि दुधाची मुळांना गरज नसते. परंतु वृक्ष मारावयाचा तर कथाकाराने त्याच्या कमरेलाच वेढा घातला, आणि वाचविताना प्रथम तो वेढा सोडविला, हे वाचताना शिक्षकाचे लक्ष तेथे रेंगाळते.

सर्वच झाडांना हा नियम लागू नाही. माड, ताड, बांबू, ऊस यांच्या खोडात जलवाहिन्या व रसवाहिन्या यांच्या जुड्या साऱ्या खोडभर विखुरलेल्या असतात. सालीखाली त्यांचे एकच वलय नसते. म्हणूनच चढण्यासाठी माडाच्या खोडावर खाचा पाडल्या तरी तो मरत नाही. कोकणात आणि गोव्यात माडाची कोवळी पोय बांधून, हलके ठोकून तिचे टोक रोज कापतात आणि सूर गोळा करतात, तो गोड रसही रसवाहिन्यांतलाच. गोव्यातील रेंदेर दिवसातून दोन-तीनदा माडावर चढून टोकाचा पातळ काप पुन्हा घेतो. कापलेल्या नळ्यांची भोके बुजू लागतात, आणि ताज्या कापाखेरीज धार टिकत नाही. ‘चाळणी नलिका’ हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही, त्याच्या हाताला तिचा स्वभाव पुरता ठाऊक आहे.

अंगणातल्या झाडाला तार रुतलेली दिसली तर ती लगेच तोडावी. सालीत खोल गेलेला भाग ओढून काढण्याचा हट्ट करू नये, त्याने नवी जखम होते. वेढा तुटला की पुढचे दडपण थांबते. नव्या रोपाला आधार देताना जुन्या सुती कापडाची रुंद पट्टी घ्यावी, काठी व रोप यांमध्ये तिचा मराठी चारच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा आणि दर पावसाळ्यापूर्वी तो सोडून पुन्हा बांधावा.

जनावरांनी किंवा कुऱ्हाडीने चहूबाजूंची साल गेली असेल आणि झाड मोलाचे असेल, तर तेही कधी कधी वाचविता येते. जखम ताजी असतानाच त्याच झाडाच्या बोटाएवढ्या जाड निरोगी काड्या घ्याव्यात, दोन्ही टोके पाचरीसारखी तासावीत आणि एक टोक जखमेखालच्या जिवंत सालीत, दुसरे जखमेवरच्या सालीत बसवून बारीक खिळ्याने व मेणाने पक्के करावे. खोडाभोवती दर दोन-तीन इंचांवर अशी एक काडी लावतात. काडी किंचित कमानदार ठेवली म्हणजे वाऱ्याने खोड हलले तरी ती निसटत नाही. काडीची साल आणि खोडाची साल एकमेकींना धरली की अन्न त्या काड्यांतून खाली उतरू लागते, आणि पुढे त्याच काड्या जाड होत जातात. काडी लावताना तिचे झाडावर असतानाचे खालचे टोक खालीच आले पाहिजे. उलटी लावलेली काडी नीट वाढत नाही.